विटांची भिंत, डावा खिसा

पहिलं म्हणजे, पट्टा.
कॅमेऱ्याबरोबर फुकट येतो तो
दुसऱ्याच दिवशी काढून टाकावा.
त्यावर नाव कंपनीचं, पिवळ्या अक्षरांत,
आणि मान माझी.
मी माझा शिवून घेतला, भंगारात निघालेल्या ट्रॅममधल्या
धरायच्या चामड्याचा.
अर्धं ओस्त्रावा त्याला लोंबकळून कामावर गेलंय,
माझ्या दीड किलोचं त्याला काय.

दुसरं, बॅटरी.
थंडीत ती माणसासारखीच, निम्म्या वाटेत दम टाकते.
काखेत ठेवावी.
झ्देन्का म्हणते, मला कधी घेतलं नाहीस इतकं जवळ.
मी म्हणतो, तू उणे बारातही चालतेस.

तिसरं
काहीतरी होतं, महत्त्वाचं होतं.
जाऊ द्या, आठवेल.

मेगापिक्सेलचं मला विचारू नका.
नातवाच्या फोनमध्ये माझ्या तिप्पट आहेत.
परवा ओंद्रानं माझ्या बटाट्याच्या सुपाचा फोटो काढला,
सूप गार होईस्तोवर काढला.
शेपूची काडी न् काडी मोजून घ्यावी.
मीठ कमी पडलं होतं,
ते काही फोटोत आलं नाही.

आणि धारेबद्दल बोलायचं तर
व्लास्तिमिलबद्दल बोलावं लागेल. तिसरा मजला.
दर वसंतात नवी लेन्स.
एका वर्षी गाडीचे हिवाळी टायर विकून.
आणली की उतरायचा मागच्या अंगणात,
कपडे वाळत घालायच्या दांड्यांपलीकडे
विटांची भिंत आहे, तिच्यावर लावायचा
त्या दिवसाचं वर्तमानपत्र,
आणि वाऱ्यानं फडफडू नये म्हणून
यार्मिला कोपरा धरून उभी, घरातल्या चपलांवर.
मग वर जाऊन चारी कोपरे तपासायचा,
मग मला हाक. बघ, काठापर्यंत धार!
मी म्हणायचो, लेका,
ही तलवार घेऊन कधी लढाईला जाणार आहेस का?

कुठेच गेला नाही.
ना डोंगरात, ना समुद्राला.
गेला तो फेब्रुवारीत, एकदम.

एप्रिलमध्ये यार्मिला आली,
दोन सुटकेस, एक हार्ड डिस्क, वर झाकलेला खसखशीचा केक.
तुला कळतं यातलं, म्हणाली, काय येतील ते सांग.

अकरा लेन्स. दोघींच्या काचेत बुरशी,
एकीचं कडं अडतं, बाकीच्या
नव्या नवरीसारख्या, डब्यातल्या मऊ कागदासकट.

डिस्कवर भिंत.
एकवीस वर्षं भिंत.
मंत्री येतात, मंत्री जातात, पूर येतो,
शेवटची खाण बंद होते, पहिल्या पानावर, ठळक.
डावीकडून आयव्हीचा वेल चढत येतो,
एका साली कुणीतरी छाटतं, तो पुन्हा निघतो.
आणि खाली उजव्या कोपऱ्यात, प्रत्येक फोटोत,
अंगठा.
आधी लाल नखाचा.
मग चिकटपट्टी बांधलेला, चिरताना कापला असणार.
एकदा राखाडी हातमोज्यात.
मग पेरापाशी सुजलेला, थोडा वाकडा,
माझ्या झ्देन्काचा आता आहे तसा.
शेवटच्या वर्षी पेपर चारी बाजूंनी टेपनं डकवलेला आहे,
धरायची काही गरज नव्हती.
अंगठा आहे.

मी शंभर टक्के मोठा करून पाहिला.
कातडीवरची रेघ न् रेघ.
काठापर्यंत धार.
खरं बोलत होता गाढव.

किंमत अजून सांगितलेली नाही.
बाजार पडलाय, तिला वाटतं त्याच्या निम्मेही येणार नाहीत,
आणि केकची ताटली परत द्यायचीय, ती रिकामी कशी द्यावी.
झ्देन्का म्हणते, आधी भिंतीचे फोटो दाखव.
मी म्हणतो, तिनं काय भिंत पाहिली नाही का?
झ्देन्का काही बोलत नाही. ताटली पुसते.

हां, तिसरं आठवलं.
लेन्सचं झाकण.
काढलं की डाव्या खिशात. कायम डाव्याच.
उजव्यात किल्ल्या असतात.